बांधापासून नऊ पावलं

गॅसतात्या माणसांशी बोलताना जमिनीकडे बघायचे. समोर तलाठी असो, सरपंच असो की माझ्यासारखी शाळेतली बाई, त्यांची नजर आपली पायापुढे हातभर अंतरावर. पहिल्यांदा भेटणाऱ्याला वाटायचं, हा गृहस्थ एक तर लाजतोय नाहीतर काहीतरी लपवतोय. लाजत ते मुळीच नव्हते. लपवत होते ती एकच गोष्ट, आणि तिच्यात आमच्या घराचा हात होता. खरं सांगायचं तर तिच्यासाठीच मी हे लिहायला बसले आहे.

खाली बघणं ही त्यांची नोकरीच होती. आमच्या गावच्या भातशेतांखालून, छातीएवढ्या खोलीवर, गॅसची एक मोठी नळी जाते. दक्षिणेच्या बंदरात बोटीतून उतरलेला गॅस त्या नळीतून डोंगर, नद्या, खाड्या ओलांडत वर कारखान्यांकडे, वीजघरांकडे आणि शहरातल्या स्वयंपाकघरांकडे जातो. आमच्या वाट्याला त्यातला एक फुगासुद्धा येत नाही, आमच्या वाट्याला आले ते तात्या. त्यांच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर ‘लाइनवॉकर’ असं लिहिलेलं होतं. हातात काठी, डोक्याला टॉवेल, पायात प्लास्टिकच्या चपला. रोज सकाळी नळीवरच्या पट्ट्यावरून दहा किलोमीटर चालायचं आणि कुणी तिथे विहीर खणत नाही ना, झाड लावत नाही ना, घराचा पाया काढत नाही ना, ते बघायचं. बस्स.

गावाला मात्र गॅस म्हणजे लाल सिलिंडर, एवढंच ठाऊक. त्यामुळे पहिली दोन वर्षं बायका त्यांना वाटेत अडवून विचारायच्या, “तात्या, आमचा नंबर कधी लागणार हो?” तात्या न चिडता सांगायचे, “माझा ग्यास वेगळा गं माय. तो मलाही कधी दिसला न्हाय.” हे अगदी खरं होतं. इतकी वर्षं ज्याची राखण केली तो गॅस त्यांनी कधी पाहिला नाही, आणि त्या मोठ्या नळीतल्या गॅसला वासही नसतो. “मग फुटली तर कळणार कसं?” असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, “गवताला विचारायचं. आजूबाजूला हिरवं आणि मधेच पिवळं पडलं, की समजायचं काहीतरी बिनसलंय. गवत खोटं बोलत न्हाय.” आणि खरोखरच ते वाकून वाकून गवताची विचारपूस करायचे. “काय रे बाबा, तुला काय झालं? ऊन लागलं होय? बरं बरं.” लोक हसायचे. मीही हसायची.

आमचं घर पट्ट्याला लागूनच. आई मी आठवीत असताना गेली, तेव्हापासून घरात बाबा आणि मी. बाबा भातशेती करायचे, मी शिकून गावच्याच शाळेत भूगोल शिकवायला लागले. सकाळी आठच्या सुमाराला माझी डब्याची घाई चाललेली असायची आणि मागच्या शेतातून हाक यायची, “बाय, शेगडी पेटली का?” मी खिडकीतून ओरडायची, “पेटली हो तात्या, या चहाला!” मग ते मागच्या पायरीवर टेकायचे, बशीत ओतून चहा प्यायचे आणि कपबशी स्वतः विसळून उपडी घालायचे. बारा वर्षांत या संवादात एका शब्दाचा फरक पडला नाही. मी एकदा वैतागून म्हटलं, “तात्या, रोज काय विचारायचं त्यात? सिलिंडर आहे, लायटर आहे, पेटणारच ना!” ते बशीकडे बघत म्हणाले, “ते तुला वाटतं. एक शेगडी पेटते तेव्हा किती लोक आपापल्या जागेवर उभे असतात, ठाऊक हाय?”

ते त्यांना ठाऊक होतं, कारण तरुणपणी ते सहा वर्षं आखातात होते. गॅस भरायच्या धक्क्यावर रंगाऱ्याचं काम. उन्हात लोखंडी कठड्यांना रंग द्यायचा आणि डोंगराएवढ्या बोटी भरून निघताना बघायच्या. “त्या कुठं जातात हे कुणी सांगायचं न्हाय. इथं नोकरी लागली तेव्हा कळलं, त्यांतल्या काही माझ्याच घरापुढून जात होत्या,” असं ते मोठ्या कौतुकाने सांगायचे. त्यांचं घर दिघीपलीकडच्या एका गावात. आठवडाभर आमच्या गावात एका खोलीत राहायचे, आणि रविवारी आगरदांड्याहून फेरीबोटीने खाडी ओलांडून घरी जायचे. घरी बायको आणि लग्नाची मुलगी.

एकदा सातवीच्या वर्गात समुद्रमार्गांचा धडा होता आणि माझा नकाशा भिंतीवर लोंबकळून मुलांना जांभया आणत होता. शेवटी मी तात्यांना बोलावलं. त्यांनी मुलांना बाहेर अंगणात काढलं आणि काठीने मातीत रेघ मारली. “दिघीच्या फेरीत कोण कोण बसलंय?” झाडून सगळे हात वर. “खाडीचं तोंड केवढं? हातातला वडा संपायच्या आत आपण पलीकडं. व्हय ना? तसंच एक तोंड तिकडं आखाताला हाय. मोठं हाय, पण नकाशात बघाल तर तेवढंसंच. तिकडचा सगळा माल त्याच तोंडातून भायेर पडतो. उद्या कुणी रुसून तिथं आडवा बसला, की इकडं आपली चूल थंड.”

एका मुलीने विचारलं, “मग दुसरीकडून आणायचा ना!”

“आणतात की. लांबून आणतात, वळसा घालून आणतात. त्याला दिवस जास्त, खर्च जास्त. पण वाटा चार ठेवायच्या. एकाच वाटेवर घर चालवणारा कधी ना कधी उपाशी निजतो.”

“आणि बोट आली, पण इथं तुमची नळीच फुटली तर?”

तात्यांनी पहिल्यांदा मान वर केली. “म्हणून तर मी चालतो, पोरी. समुद्रातली वाट माझ्या हातात न्हाय. ही दहा किलोमीटर हाय.”

त्या दिवशी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. भूगोलाची पदवी माझी, पण भूगोल मला त्या काठीने शिकवला.

पट्ट्यावर खोल मुळांचं झाड चालत नाही. पण आमच्याकडे लोकांचा हात असा की खाल्लेल्या आंब्याची कोयसुद्धा वाया घालवायची नाही. पट्ट्यावर दर पावसाळ्यात आंबा, फणस, काजू यांची रोपं डोकं वर काढायची. तात्यांनी ती उपटून फेकायची, असा नियम. तात्या उपटायचे नाहीत. मुळांभोवतीची माती सुटणार नाही अशा बेताने हळूच काढायचे, टॉवेलात घ्यायचे आणि ज्याचं शेत त्याच्या परसात नेऊन लावून यायचे. “त्याचा काय गुन्हा? जागा चुकली एवढंच.” आमच्या न्हाणीमागचा फणस तसाच आलेला आहे. राबाच्या वेळी मात्र हेच तात्या वाघ व्हायचे. भाताची रोपं करायच्या आधी आम्ही शेताच्या एका तुकड्यावर पालापाचोळा, शेण पसरून भाजून काढतो, तो राब. कुणी पट्ट्यावर राब भाजायला घेतला की तात्या काठी टाकून तिथेच फतकल मारायचे. “आधी मला भाज!” शिव्याही खायचे आणि हलायचे नाहीत.

आता ती गोष्ट.

आमच्या मोठ्या भातखाचरात नळी वळण घेते. त्या वळणावर, शेताच्या अगदी मधोमध, पिवळा खांब होता. ‘इथे खोदू नये’ आणि खाली त्याचा नंबर. तो खांब बाबांच्या डोळ्यांत सलायचा. नांगराच्या आड येतो हे सांगायचं कारण. खरं कारण वेगळंच. बाबांच्या चुलतभावाने त्याच सुमाराला त्या शेतावर दावा लावला होता, आणि चारचौघांत म्हणायला लागला होता, “मधला खांब सरकारने उगीच रोवला नाही. त्याच्या पलीकडचं माझं.” आमच्या मुलखात शेताच्या मध्ये काहीही उभं राहिलं की ती वाटणीची खूण. दगड असो, खांब असो, त्याची जागा बांधावर. बाबा चौथी शिकलेले. गॅसचं त्यांना काही कळत नव्हतं, बांधाचं कळत होतं. नांगरणीच्या आधी एका दुपारी त्यांनी पहार घातली, खांब उपटला आणि बांधावर नेऊन रोवला. दुसरं टोक मी धरलं होतं. मी तेव्हा बी.ए.ला होते, तरी धरलं.

तात्या त्या वेळी गावात नव्हते. त्यांची बायको आजारी होती, ती त्याच आठवड्यात गेली. पंधरा दिवसांनी ते परत आले तेव्हा शेतात लावणी होऊन गेलेली. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. बांधावर खांब बघून थांबले, मग त्यांनी आमच्या दाराकडे बघितलं. बाबा बाहेर गेले. मला वाटलं, आता भांडण होणार. पण बाबा म्हणाले, “तात्या, वहिनी गेल्याचं कळलं रे,” आणि दोघंही बांधावर खाली बसले. दोन विधुर. खांबाचा विषय निघाला तो कितीतरी वेळाने. “भात निघालं की परत जागेवर लावू,” तात्या म्हणाले.

भात निघण्याआधीच कचेरीचे लोक येऊन खांब मोजून, रंगवून गेले. ‘सर्व खांब जागेवर आहेत’ या कागदावर तात्यांची सही त्याआधीच झाली होती. बायकोच्या दिवसांत न बघताच केलेली सही. आता खांब हलवायचा तर ती सही खोटी होती हे सांगावं लागणार. मग तात्यांची नोकरी जाणार आणि बाबांवर खटला होणार. त्यात बाबा हात जोडून म्हणाले, “माझी केस संपेस्तोवर राहू दे रे.” केस काय, आमच्याकडची केस. ती संपायला बारा वर्षं लागली.

चूक होती. मी शिक्षिका आहे, चुकीला चूकच म्हणते. खाली काय आहे हे माहीत असताना वर खोटी खूण ठेवणं ही लहानसहान चूक नव्हे, आणि तात्यांइतकं ते कुणालाच कळत नव्हतं. म्हणूनच त्या दिवसापासून त्यांनी एक नेम धरला. आमच्या शेतात आले की ते बांधावरून चालायचे नाहीत. खांबापाशी थांबायचे, शेतात नऊ पावलं आत यायचे आणि खऱ्या नळीवरून चालत पलीकडे जायचे. रोजच्या रोज. भात उभं असतानासुद्धा. त्यामुळे आमच्या खाचरात वीतभर रुंदीची एक वाकडी वाट पडली, तिथे भात धड यायचंच नाही. बांधावरून कुणाची शेळी आत उतरली तर आकाशपाताळ एक करणारे माझे बाबा त्या वाटेबद्दल चकार शब्द काढायचे नाहीत. लावणीला बायका ती जागा भरायला गेल्या तर हटकायचे, “तिथं नको. ती तात्याची वाट हाय.”

अशी वर्षं गेली. तात्यांनी मुलीचं लग्न केलं. माझं राहून गेलं, आणि त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. सकाळी आठची हाक मात्र एकदाही चुकली नाही, रविवार सोडून.

मग आखातात भानगड उसळली. ते तोंड बंद झालं म्हणे, बोटी अडकल्या. नागावकडच्या हॉटेलवाल्यांनी जेवणं बंद केली, मुरुडला लॉजवर पाहुण्यांना नुसता चहा मिळेना, आणि माझा सिलिंडर ऐन मे महिन्यात संपला. दुसरा कधी येईल ते कुणी सांगेना. सकाळी हाक आली, “बाय, शेगडी पेटली का?” आणि पहिल्यांदाच मी म्हटलं, “नाही हो तात्या.”

मी खिडकीतून बघितलं तर माणूस शेतात नुसता उभा. दुसऱ्या दिवशी मागच्या पायरीवर लाकडांची मोळी. पट्ट्यावरची झुडपं तोडून, वाळवून, शेंडे एका रांगेत करून बांधलेली. वर तात्यांचं समर्थन, “लाइनीवरचीच हाय. ग्यास न्हाय तर न्हाय, ग्यासच्या डोक्यावरची लाकडं तरी जाळ.” चुलीपुढे धुराने डोळे चोळत मी हसत होते की रडत होते, मलाच कळेना.

त्या दिवसांत ते सकाळी तर चालायचेच, पण दुपारीही पुन्हा एक फेरी मारायला लागले. कुणी सांगितलं नव्हतं. मी रागावले, “तात्या, उन्हात मराल!” म्हणाले, “तिकडं बोटी अडल्यात. जो थोडा ग्यास येतोय तो तरी नीट पोचू दे. आता नळीला धक्का लागला तर शहरात दवाखान्याची वीजसुद्धा जाईल.”

आणि त्याच आठवड्यात, दुपारी, आमच्या शेतात जेसीबी उतरला.

गावाच्या पाणीयोजनेचा चर खणायचा होता. ठेकेदाराचा माणूस शहाणा होता, त्याने पिवळा खांब बघितला आणि खांबापासून चांगलं अंतर राखून आत चुना टाकला. नऊ पावलं आत. बाबा आणि मी आवाज ऐकून धावलो, तोवर तात्या पोचले होते. आधी त्यांनी गोडीत सांगून बघितलं, “जरा पलीकडून घ्या ना, साहेब.” तो म्हणाला, पलीकडची परवानगी नाही. तात्या म्हणाले, इथे खणू नका. तो म्हणाला, “काका, खांब तिकडे आहे. आम्ही खांब सोडून खणतोय. तुमचा कागद दाखवा.” आणि त्याने ड्रायव्हरला हात केला. लोखंडी दात वर उचलले गेले.

तात्या चुन्याच्या रेघेवर जाऊन उभे राहिले. त्यांच्या वाटेवर. जेसीबीचा तो पंजा त्यांच्या डोक्यावर थांबला.

“ओ काका, बाजूला व्हा! खांब तिथं हाय ना!” ड्रायव्हर ओरडला.

तात्या म्हणाले, “खांब खोटा हाय.”

जेसीबी बंद झाला. मला अजून आठवतं, तेव्हा इतकं शांत झालं की बांधावरच्या माडाची झावळी हललेली ऐकू आली. बाबा माझ्या शेजारी उभे होते. ते खाली बघत होते.

तासाभरात तात्यांच्या वरचे साहेब मोटारसायकलवरून आले. त्यांच्याकडे जमिनीखालची नळी शोधायचं यंत्र होतं. ते खांबापाशी नेलं, मुकं. हळूहळू शेतात आणलं, आणि ते बरोबर तात्यांच्या चपलांपाशी वाजायला लागलं. साहेबांनी घाम पुसला. गावातली निम्मी घरं त्या शेताच्या हाकेच्या अंतरावर आहेत. तिथे छातीभर खणलं असतं तर आज हे लिहायला मी नसते. कोणीही तात्यांना खांद्यावर घेतलं असतं. पण साहेबांनी विचारलं ते वेगळंच, आणि विचारायलाच हवं होतं, “तुला कसं माहीत? कोणी हलवला खांब?”

बाबांनी तोंड उघडलं. तेवढ्यात तात्या म्हणाले, “मीच. नांगराच्या आड येतो म्हणून शेतकरी बोलतात, ती कटकट नको म्हणून मी हलवला. सहीपण माझीच हाय, बघा.”

माझे बाबा गप्प राहिले आणि मीही गप्प राहिले. पन्नास पोरांना रोज उठून खरं बोला म्हणून सांगणारी मी, जिने त्या खांबाचं दुसरं टोक धरलं होतं, ती मी तिथे पदर चुरगळत उभी होते. त्या दिवसाची मला आजही लाज वाटते. तात्यांचं सांगणं बरोबर निघालं, आणि नेमकं त्यामुळेच त्यांची नोकरी गेली.

दोन दिवसांनी ते निघाले. एक पिशवी, एक काठी. मी एस.टी.पर्यंत गेले. म्हटलं, “तात्या, आम्ही बोलायला पाहिजे होतं हो.” ते म्हणाले, “बोलली असतीस तर तिघांचं गेलं असतं. आता एकट्याचं गेलं. बरं झालं.” मग पहिल्यांदा आणि शेवटचं माझ्याकडे सरळ बघून म्हणाले, “शेगडी पेटती ठेव गं बाय.”

पुढची गोष्ट सांगताना हसावं की कपाळ बडवावं, कळत नाही. कचेरीने खांब परत मूळ जागी, शेताच्या मधोमध रोवला, पक्क्या चौथऱ्यात. त्यासाठी जुने कागद निघाले. नळी टाकताना जमीनमालकांची जी नोंद केली होती ती त्यात होती, आणि खांबाच्या दोन्ही अंगांना मालक म्हणून नाव होतं ते माझ्या बाबांचंच. वकिलाने तो कागद कोर्टात ठेवला आणि बारा वर्षांची केस दोन तारखांत निकालात निघाली. ज्या खांबाला बाबा भ्याले, तोच खांब त्यांचा साक्षीदार होता. मधे उभा असता तर केव्हाच बोलला असता.

त्या दिवाळीत बाबा नव्या तांदळाचं गाठोडं घेऊन फेरीबोटीने तात्यांकडे गेले. मी सोबत होते. तात्या अंगणात बसले होते, खोकत होते, फार वाळले होते. बाबांनी गाठोडं पायाशी ठेवलं आणि हातच जोडले. “तात्या, मी कचेरीत जाऊन सांगतो. खांब मी हलवला.”

“केस संपली ना तुझी?”

“संपली.”

“मग झालं की. आता कशाला उकरतोस?” तात्या म्हणाले. मग मातीत बोटाने रेघ ओढत म्हणाले, “भाऊ, निम्मी चूक माझी. तेव्हा माझं माणूस गेलं होतं, मी न बघता सही केली. ती सही मला बारा वर्षं टोचत होती. ते दात डोक्यावर आले ना, तेव्हा एकदाचं मोकळं वाटलं.” तांदूळ हातात घेऊन त्यांनी वास घेतला. “मोठ्या खाचरातला?”

“व्हय.”

“माझ्या वाटेवर या वर्षी पीक आलं असेल.”

आलं होतं. तात्या गाव सोडून गेल्यावरच्या पावसाळ्यात त्या वाटेवर इतर शेतासारखंच भात उभं राहिलं होतं, आणि कापणीच्या वेळी बाबा तिथे येऊन विळा हातात धरून कितीतरी वेळ उभे राहिले होते.

शिमग्याच्या आधी तात्यांच्या मुलीचा फोन आला. आम्ही पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. परतताना फेरीबोटीत बाबा कठड्याला धरून उभे होते. खाडीच्या तोंडाकडे बघत म्हणाले, “सुले, ते आखातातलं तोंड एवढंच म्हणायचा ना गं तो?” मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी ते मला न सांगता कचेरीत गेले. तिथे जाऊन म्हणाले, खांब मी हलवला होता, तात्यावरचा डाग पुसा. टेबलामागे नवीन माणूस होता. त्याने विचारलं, “कोण तात्या?” बाबांना त्यांचं पूर्ण नाव सांगता येईना. बारा वर्षं ज्याला वाट दिली त्याचं आडनाव आम्हाला कधी लागलंच नव्हतं. त्या माणसाने नाव-गाव लिहून घेतलं, बघतो म्हणाला. आता पट्टा बघायला कुणी येत नाही असं नाही, येतात. पण मोटारसायकलवरून, रस्त्याने, आणि कधीमधी वरून ड्रोन भिरभिरतो. तो काही गवताशी बोलत नाही.

यंदाच्या श्रावणात एक दिवस शाळेची घाई चालली होती. सिलिंडर आता वेळेवर मिळतो. कणीक मळून झाली होती, तवा टाकला होता. खिडकीतून सहज बाहेर लक्ष गेलं. हिरव्यागार मोठ्या खाचरात, गुडघाभर भातातून, माझे सत्तर ओलांडलेले बाबा चालत होते. बांधापासून आत, नऊ पावलांवर. हातात काठी, डोक्याला टॉवेल, नजर खाली. भातरोपांचा एक एक चूड पायाखाली जात होता. ज्या दोन ओळी भातासाठी त्यांनी कधी शेळीला माफ केलं नव्हतं, त्या ते स्वतःच्या पायांनी तुडवत निघाले होते. खांबापाशी थांबले, वाकून तिथलं गवत बघितलं, काहीतरी पुटपुटले आणि पुढे गेले. पलीकडच्या बांधाला टेकून घराकडे वळले.

बाबा मला जन्मात कधी ‘बाय’ म्हणाले नाहीत. मी त्यांची सुली. पण शेतातून हाक आली,

“बाय, शेगडी पेटली का?”

तव्यावरची पोळी करपायला लागली होती, ती आधी उतरवली. मग खिडकीशी जाऊन जमेल तेवढ्या मोठ्याने ओरडले,

“पेटली हो! या चहाला!”